नऊ नंबरचा शांत टप्पा

राखीव जंगलाच्या फाटकाशी तिकिटाची खोली आहे. खोली कसली, खुराडंच ते! एक खिडकी, दोन खुर्च्या, त्यातली एक लंगडी, वह्यांनी ठासून भरलेलं लोखंडी कपाट, आणि पावसात छपरातून नेमकं धडधाकट खुर्चीवर गळणारं पाणी. पण आलेला माणूस आधी खिडकीकडे बघतच नाही. तो बघतो शेजारच्या काळ्या फळ्याकडे. फळ्यावर वर लिहिलेलं असतं, 'आज सकाळी'. खाली ठसठशीत गोल अक्षरात त्या दिवशी पहाटे जंगलात कोण कोण भेटलं ते. हे अक्षर तिकीटवाल्या बाईंचं. एकतीस वर्षं झाली, सोमवारची सुट्टी सोडली तर फळा कधी कोरा राहिला नाही. बाईंना ताप आला, लेकीचं बाळंतपण झालं, सासूबाई गेल्या, तेव्हा 'आज फेरी झाली नाही' एवढं तरी फळ्यावर लिहिलं गेलंच.

खरं म्हणजे बाईंचं काम तिकीट फाडायचं. फळा लिही म्हणून त्यांना सरकारने कधी सांगितलं नाही. सव्विसाव्या वर्षी त्या इथे लागल्या तेव्हा एक म्हातारे पहारेकरी होते, सगळे त्यांना काका म्हणत. काकांनी त्यांना पहिल्या आठवड्यात जंगलाच्या नऊ टप्प्यांच्या वाटेवरून फिरवलं आणि हातात दोन खडू दिले, एक पांढरा, एक पिवळा. म्हणाले, "पोरी, पांढरा डोळ्यांचा, पिवळा कानांचा. पाहिलंस तर पांढऱ्याने लिही, नुसतं ऐकलंस तर पिवळ्याने. दुसऱ्याने सांगितलेलं फळ्यावर चढवायचं नाही. देवाने येऊन सांगितलं तरी नाही."

बाईंनी ते शब्द असे काही धरून ठेवले की विचारू नका. रोज पहाटे साडेपाचला घरून निघायचं, नऊ टप्पे चालायचे, आठच्या आत फळा लिहायचा, मग तेच सगळं वहीत उतरवायचं आणि नंतर तिकिटाची खिडकी उघडायची. अशा एकतीस वह्या कपाटात आहेत.

आणि लिहायच्या तरी काय! थंडीत लिहायच्या, 'पाच नंबर, तळ्याकाठी कोळ्यांची जाळी, दवाने भरलेली. ऊन चढायच्या आत गाठा, नंतर येऊन मला बोल लावू नका.' पानगळीत लिहायच्या, 'तीन नंबर, वठलेल्या झाडावर सुतारपक्षी. पानं नाहीत, लपायला जागा नाही, बघून घ्या बिचाऱ्याला.' भर उन्हाळ्यात पाणवठ्यावर मुंगूस आपल्या तीन पिल्लांना घेऊन पाण्यावर यायचं आणि ओल्या चिखलावर पिवळी फुलपाखरं बसायची, ती मोजता यायची नाहीत म्हणून बाई लिहायच्या, 'पुष्कळ'. पावसात वाटेवर बोटाच्या पेराएवढे बेडूक. त्यापुढे ठळक रेघ मारून, 'पाय बघून टाका!' पावसानंतर गवत कमरेएवढं झालं की हरणांचे नुसते कान दिसतात, ते कान कुठे दिसतील तेही फळ्यावर. आणि दोन नंबरच्या ढोलीतलं घुबड तर बारमाही. त्याच्यापुढे ठरलेलं वाक्य, 'झोपलं आहे. उठवू नका. तुम्हाला कुणी उठवलं तर आवडेल का?'

लोक फळा वाचून हसायचे आणि हसत हसत बरोब्बर त्या जागी जाऊन उभे राहायचे. मुंगूस असायचंच. बाईंनी लिहिलंय म्हणजे आहे, यात कुणाला शंका नव्हती.

नवव्या टप्प्याची मात्र गोष्ट वेगळी. तो जंगलाच्या पार टोकाला, मोठ्या रस्त्याच्या बाजूचा उतार. तिथे अशी गच्च काटेरी झुडपं की आत हात घातला तर हात दिसणार नाही. तिथली पाखरं दिसायची नाहीत, ऐकायचीच. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला इवलासा चष्मेवाला, अंगठ्याएवढा फुलटोच्या, थंडीत पाहुणा येणारा वटवट्या. सगळी बारीक आवाजाची मंडळी. त्यामुळे नऊ नंबरची ओळ कायम पिवळी. एकेकाळी पिवळे खडू आधी संपायचे आणि बाई कचेरीत जाऊन भांडून नवे आणायच्या.

गेली तीन वर्षं पिवळ्या खडूचा एकच डबा चालला होता.

वह्यांत त्याच्याही आधीपासूनचं दिसत होतं. आधी फुलटोच्या गेला. मग एका थंडीत वटवट्या आलाच नाही. मग चष्मेवालाही. तेव्हापासून बाई रोज नऊ नंबरला दहा मिनिटं थांबायच्या, कान टवकारून उभ्या राहायच्या, आणि वहीत एक शब्द लिहायच्या, 'शांत'. लिहिताना वाईट वाटायचं. रस्त्यावरच्या गाड्या वाढल्या, पाखरं पळाली, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. गस्तीच्या पहारेकऱ्याने एकदा सांगून पाहिलं, "बाई, नऊ नंबरला किलबिल असते की हो!" बाईंनी त्याला खिडकीतूनच झापलं. "किलबिल म्हणजे कोण? नाव सांग." बिचाऱ्याला नाव कुठलं येणार? त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

आता ऐका पुढे काय झालं ते. जंगलात येणारे लोक वाढले, गाड्या मावेनाशा झाल्या. वनखात्याच्या साहेबांना गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. साहेब माणूस वाईट नाही, उलट भलताच सरळ. त्यांनी सगळ्या वह्या मागवून घेतल्या, चष्मा लावून वाचल्या आणि ठरवलं की झाडं तोडायचीच असतील तर जिथे कुणी राहत नाही तिथली तोडावीत. नऊ नंबर. तीन वर्षं शांत. गुरुवारी बैठक, बैठकीत सही, आणि पुढच्या आठवड्यात यंत्र येणार.

त्याच साहेबांनी आणखीही एक ठरवलं होतं. बाई चार महिन्यांनी निवृत्त होणार, तर त्यांच्या वह्यांतून निवडून एक पुस्तक छापायचं, कुठल्या ऋतूत कुठल्या टप्प्यावर काय बघावं याचं. पहिल्या पानावर बाईंचा फोटो. "कशाला उगाच," असं बाई सगळ्यांना म्हणत होत्या. पण साहेबांचं पत्र त्यांनी बहिणीला दाखवलं, दोन्ही नणंदांना दाखवलं, दूधवाल्यालाही दाखवलं. फोटोसाठी कुठली साडी नेसायची तेही ठरलं होतं. माणूस आहे शेवटी, आणि एकतीस वर्षं काय कमी असतात?

बाईंचे यजमान घड्याळजी. घर वर, दुकान खाली. दुकानात भिंतभर घड्याळं, काचेचं टेबल, त्यावर चिमटे, आणि उजव्या डोळ्याला भिंग लावून वाकलेले घड्याळजी. चाळीस वर्षं हा माणूस एका स्टुलावर बसला. जंगलाचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. "झाडं इकडून बघितली काय, तिकडून बघितली काय, झाडंच ना," असं म्हणायचे. पण त्या महिन्यात डॉक्टरने त्यांचे गुडघे दाबून बघितले आणि फर्मान काढलं की रोज चालायचं. म्हणून बैठकीच्या आदल्या सोमवारी, सुट्टी असूनही, बाई त्यांना पहाटे उठवून जंगलात घेऊन गेल्या. नऊ नंबरचा उतार जाण्याआधी एकदा डोळे भरून बघून घ्यावा, हाही विचार होताच.

घड्याळजी पहिल्या टप्प्यापासून कुरकुरत होते. चौथ्या टप्प्याला त्यांच्या चपलेत खडा गेला. सहाव्याला ते बाकावर बसले ते उठेनात. शेवटी ओढत ओढत बाईंनी त्यांना नवव्यापर्यंत आणलं. उन्हाची तिरीप नुकती झुडपांवर आली होती. बाई नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या, डोळे मिटले, कान लावले. दूर कुठेतरी होला घुमत होता, खाली भारद्वाज हूप हूप करत होता. बाकी काही नाही. शांत.

"काय कटकट आहे गं ही!" घड्याळजी म्हणाले. "तू रोज इथे उभी राहतेस? डोकं उठत नाही तुझं?"

"कसली कटकट?"

"ही काय, ची ची ची ची! शंभर घड्याळांना एकदम तेल हवं झाल्यासारखी."

बाईंना वाटलं, चेष्टा चालली आहे. नवरा तसा चेष्टेखोरच. "अहो, पुरे झालं हं," त्या म्हणाल्या. पण घड्याळजींचा चेहरा चेष्टेचा नव्हता. कपाळाला आठी होती आणि मान आवाजाच्या मागे मागे हलत होती.

"कुठे?" बाईंनी विचारलं. आवाज जरा चढलाच होता.

घड्याळजींनी बोट दाखवलं. बोट थोडं डावीकडे सरकलं, मग वर. बाईंनी दुर्बीण लावली आणि बोटाच्या दिशेला बघत राहिल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हात भरून आले. मग झुडपाच्या अगदी टोकाला एक काटकी हलली आणि वर चष्मेवाला येऊन बसला. हिरवा, इवलासा, डोळ्याभोवती पांढरं कडं. त्याने चोच उघडली. गळ्याची पिसं थरथरली. चोच मिटली, पुन्हा उघडली. सगळं अंग हलवून तो गात होता.

बाईंना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"आता गातोय का हो तो?" त्यांनी दुर्बीण न काढता विचारलं.

"गातोय म्हणजे? कान किटवले त्याने!"

बाई मट्कन खालीच बसल्या. घड्याळजी घाबरले, पाण्याची बाटली शोधायला लागले, झाकण उघडेना, म्हणून स्वतःवरच चिडले. बाईंच्या तोंडातून एकच वाक्य निघालं, "तीन वर्षं मी यांना मेलेलं लिहिलं."

घरी आल्यावर घड्याळजींनी दुकान उघडलं नाही. फळी अर्धी लावून बाईंना स्टुलावर बसवलं. भिंतीवरचं मोठं घड्याळ काढून त्यांच्या कानाशी धरलं. "येतंय?" येत होतं. टेबलावरचं गजराचं धरलं. तेही येत होतं. मग मनगटी, पुरुषी. "येतंय, जरा लांबून." शेवटी त्यांनी कप्प्यातून कापसात गुंडाळलेलं बायकी घड्याळ काढलं, नखाएवढं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनीच बाईंसाठी जोडलेलं. किल्ली दिली आणि कानाला टेकवलं.

"चालू करा ना ते," बाई म्हणाल्या.

 घड्याळजींनी तबकडी वळवून बाईंना दाखवली. सेकंदकाटा चालला होता.

मग बाईंनी तिकिटाच्या खोलीतून वह्या आणल्या आणि दुपारभर दोघांनी त्या उलगडल्या. घड्याळजींना पाखरांतलं काही कळत नव्हतं, पण यंत्र कशाने बिघडलं हे शोधण्यात हयात गेलेली. ते एकेक नाव विचारायचे, "याचा आवाज कसा? जाड की बारीक?" फुलटोच्या सगळ्यांत बारीक, तो सगळ्यांत आधी गेलेला. मग वटवट्या. मग चष्मेवाला. घुबड, होला, भारद्वाज, सुतारपक्ष्याची ठोकाठोक, सगळं जाड, सगळं जागच्या जागी. एकही जाड आवाज हरवलेला नव्हता.

"जंगल नाही गं बिघडलं," घड्याळजी हळूच म्हणाले.

"कळलं मला," बाई म्हणाल्या.

 मग घड्याळजी चिमटे पुसता पुसता म्हणाले, "चार महिने राहिलेत तुझे. पुस्तक येतंय. साहेबांना काय कळणार आहे? तू नाही बोललीस तर कोण विचारतंय?"

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी चिमटा खाली ठेवला. "अहो, चष्मेवाला विचारेल ना," त्या म्हणाल्या. आणि मग इतका वेळ आवरून धरलेलं रडू फुटलं. घड्याळजींना बायकोचं रडणं कधी सोसायचं नाही. ते उठले, चहा टाकला, साखर दोनदा घातली, आणि तो पाक दोघांनी निमूट प्यायला.

मंगळवारी बाई कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं असं, बारीक आवाज आधी जातात, गेलेले सहसा परत येत नाहीत. कानाला यंत्र लावून काही ऐकू येईल, सगळं नाही. बाईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. बुधवारी त्यांनी नेहमीसारखा फळा लिहिला. नऊ नंबरपुढे पहिल्यांदाच जागा कोरी सोडली.

गुरुवारची बैठक साहेबांच्या खोलीत होती. लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली जुनी कॅलेंडरं, काचेवर इंजिनिअरने पसरलेला नकाशा. नकाशात नऊ नंबर लाल पेन्सिलीने चौकोनी रंगवला होता. समितीची चार माणसं आणि दाराशी तो गस्तीचा पहारेकरी. साहेबांनी बाईंना मानाने पुढची खुर्ची दिली आणि सगळ्यांना सांगितलं, "ही जागा मी निवडलेली नाही. बाईंच्या वहीने निवडली. एकतीस वर्षांत या वहीत एक ओळ खोटी निघाली नाही. तीन वर्षं शांत लिहिलंय, म्हणजे शांत."

 एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं, आणि केलं ते नेमकं आज. त्या उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, नऊ नंबर शांत नाही. मीच बहिरी व्हायला लागले आहे."

 बाईंनी डॉक्टरचा कागद टेबलावर ठेवला आणि सोमवारची सगळी हकिगत सांगितली, बोट, चोच, बायकी घड्याळ, सगळं. सांगताना एकदाही अडल्या नाहीत. इंजिनिअर मात्र वैतागला. महिनाभर खपून काढलेला त्याचा नकाशा पाण्यात चालला होता. "मग बाकीच्या वह्यांवर तरी कसा विश्वास ठेवायचा?" तो म्हणाला. "पुस्तक छापायला निघालोय आपण यांचं!"

"बरोबर विचारलंत," बाई म्हणाल्या. "पांढरं सगळं धरा, माझे डोळे धड आहेत, तेही तपासून घ्या हवं तर. गेल्या तीन वर्षांचं पिवळं धरू नका. मला ऐकू आलं नाही, हे खरं होतं. पण मी लिहिलं, शांत. 'मला ऐकू आलं नाही' असं लिहायला हवं होतं. माझ्या कानांचा दोष मी जंगलाच्या नावावर टाकला. आणि या माणसाने," त्यांनी दाराकडे हात केला, "मला सांगितलं होतं, तर मी त्याचंच तोंड बंद केलं. चुकलं माझं."

पहारेकरी बिचारा कावराबावरा झाला. "जाऊ द्या हो बाई," एवढंच पुटपुटला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग नकाशाची गुंडाळी करून इंजिनिअरच्या हातात दिली आणि म्हणाले, "उद्या सकाळी सहाला सगळे नऊ नंबरला. तुम्हीसुद्धा."

शुक्रवारी सहाला सगळे तिथे उभे होते, जांभया देत. ऊन झुडपांवर आलं आणि बाईंना कुणी सांगायची गरजच राहिली नाही. त्यांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. साहेबांच्या भुवया वर गेल्या. मग इंजिनिअरने तोंड उघडलं ते मिटायला विसरला. सगळ्यांच्या माना एकाच वेळी वळत होत्या, डावीकडे, वर, पुन्हा डावीकडे. बाई त्या माना बघत राहिल्या आणि त्यांना फार बरं वाटलं, आणि तितकंच वाईटही.

गाड्यांची जागा आता जुन्या लाकूडवखारीच्या पटांगणात झाली. तिथे तसंही काही उगवत नव्हतं. पुस्तकही निघतंय, बाईंचा फोटोही आहे. पण पहिल्याच पानावर, फोटोच्या खाली, बाईंनी हट्टाने दोन ओळी छापायला लावल्या आहेत की शेवटच्या तीन वर्षांत ऐकलेल्या नोंदी धरू नयेत, लिहिणारीचे कान गेले होते. साहेब नको नको म्हणत होते. बाई म्हणाल्या, "मग फोटोही नको." तेव्हा साहेबांनी त्या ओळी छापायला दिल्या.

राहिला प्रश्न पिवळ्या खडूचा. बाईंनी तो डबा पहारेकऱ्याला देऊ केला. तो हात जोडून म्हणाला, "बाई, मला आवाज येतात, नावं येत नाहीत. फळ्यावर 'किलबिल' लिहू का?" घरी बाईंनी हे सांगितलं तेव्हा घड्याळजी भिंग पुसत राहिले. पण शनिवारी पहाटे साडेपाचला बाई चपला घालायला खाली आल्या, तर ते आधीच दाराशी उभे. नव्या बुटांत, कपाळाला आठी.

"गुडघ्यांसाठी," ते म्हणाले.

नऊ नंबरला दोघं उभी राहिली. घड्याळजींनी मान तिरकी केली, दुकानात घड्याळ कानाशी धरतात तशी. बराच वेळ ऐकलं. मग बाईंच्या कानाशी वाकून, आपल्या जाड, घोगऱ्या आवाजात, त्यांनी त्या पाखराची हुबेहूब नक्कल करायचा प्रयत्न केला. चाल तीच, ठेका तोच, चढ तोच. आवाज मात्र घड्याळजींचा. एरवी कुणी ऐकलं असतं तर हसून हसून लोळलं असतं.

बाईंनी डोळे मिटले होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या हसतही होत्या.

"पुन्हा करा," त्या म्हणाल्या.

घड्याळजींनी पुन्हा केलं.

"वटवट्या," बाई म्हणाल्या. "अहो, वटवट्या आहे तो! आलाय की या थंडीत."

त्या दिवशी आठच्या आत फळा लिहून झाला. नऊ नंबरपुढे पिवळ्या खडूने लिहिलं होतं, 'वटवट्या. घड्याळजींनी ऐकला, मी ओळखला.'